कोकणातले जीवाश्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिरेखाणीत, विहिरीच्या खोदाईत किंवा पुळणीवर काही वेगळं दिसलं की लोक फोटो काढून पाठवतात आणि विचारतात, हे डायनासोरचं आहे का? शाळांतले शिक्षक, खाणीवर काम करणारे, सुट्टीत गावी आलेले चाकरमानी, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान.

कोकणात डायनासोर सापडले आहेत का?

नाही. कारण आपल्या पायाखालच्या दगडातच आहे. मुंबईपासून दक्षिणेकडे सिंधुदुर्गाच्या बऱ्याचशा भागापर्यंत जो काळवत्री दगड दिसतो, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकांतून आलेला लाव्हा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले. सह्याद्रीत काही ठिकाणी त्यांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरहून जास्त भरते. तप्त रसात हाड टिकत नाही. जीवाश्म बनायला गाळ लागतो: तळ्याचा, नदीचा, समुद्राचा. आपल्याकडे गाळाचे तेवढे जुने दगड फारच थोड्या जागी उघडे पडले आहेत.

काळवत्रीवर जांभ्याचं आवरण आहे. जांभा म्हणजे मुरत्या पावसाने कुजून बदललेला दगड. त्यातली माती आम्लधर्मी असते आणि अशा मातीत हाड विरघळून जातं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि घाटातून थेट समुद्राकडे धावणाऱ्या आखूड नद्या, म्हणजे गाळ साचून राहायलाही सवड नाही.

दक्षिण सिंधुदुर्गात दगड बदलतो, हे खरं. रेडीचं लोहखनिज ज्या खडकांत आहे ते लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुने आहेत. पण ते इतके जुने की तेव्हा पृथ्वीवर प्राणीच नव्हते. म्हणजे काही खडक फार लवकरचे, काही फार तप्त आणि काही पार कुजलेले.

मग कोकण किनाऱ्यावर प्राण्यांचे जीवाश्म मुळीच नाहीत?

आहेत, आणि त्यांचा शोध फार जुना आहे. ठिकाण आहे मुंबईतली वरळीची टेकडी.

लाव्ह्याचे दोन उद्रेक पाठोपाठ होत नसत. मधे शांततेचा काळ जाई, खळग्यांत पाणी साचे, तळी होत, चिखल बसे. मग पुन्हा लाव्हा येऊन त्या चिखलावर पसरे. असे दोन लाव्ह्यांमध्ये अडकलेले गाळाचे पातळ थर वरळीला आहेत. दगड काळसर, पापुद्र्यांचा, कुजलेल्या वनस्पतींच्या कार्बनने माखलेला. त्याचे पापुद्रे सुटले की आत दिसतात इवल्याशा बेडकांचे सांगाडे. एकाच दगडावर अनेक. लांब मागचे पाय दुमडलेले, कणा आखूड, कवटी चपटी. बेडूकच, दुसरं काही नाही.

1847 मध्ये लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी या बेडकाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला ‘राना पुसिला’ हे नाव दिलं. हे तेच ओवेन, ज्यांनी 1842 मध्ये ‘डायनासोरिया’ हे नाव रूढ केलं. डायनासोरांना नाव देणाऱ्या माणसाच्या टेबलावर पाचच वर्षांत वरळीचा बेडूक पोचला होता, ही गोष्ट कोकणातल्या प्रत्येक शाळेत सांगितली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पुढे 1930 मध्ये नोबल यांनी हा बेडूक वेगळ्या प्रजातीगटातला ठरवला आणि तो ‘इंडोबॅट्रॅकस’ झाला.

याच थरांत गोड्या पाण्यातलं कासव मिळालं. मुंबईतले डॉक्टर लीथ यांच्या नावावरून त्याला ‘लीथी’ म्हणतात. वर्णन केलं हेन्री कार्टर यांनी, 1852 मध्ये. कार्टर हेही पेशाने डॉक्टर. त्याच वर्षी त्यांनी मुंबई बेटाच्या भूरचनेवर सविस्तर निबंध लिहिला. नंतर कासवाच्या प्रजातीगटाला त्यांचं नाव मिळालं: ‘कार्टरेमिस’.

बेडूक आणि कासव यांतून असं काय मोठं कळतं?

बरंच काही, आणि हे डायनासोरच्या एखाद्या सुट्या दातापेक्षा कमी नाही.

पहिलं म्हणजे जागा. आज वरळीला समुद्र आहे. तेव्हा तिथे गोड्या पाण्याची उथळ, दलदलीची तळी होती. बेडूक खाऱ्या पाण्यात राहत नाहीत. त्याच थरात मिळणारे सूक्ष्म कवचधारी जीव आणि वनस्पतींचे अवशेषही तळ्याचीच साक्ष देतात.

दुसरं म्हणजे वेळ. हे थर डायनासोर संपल्यानंतरच्या काळातले, लाव्हापर्वाच्या अखेरीचे आहेत. आसपास ज्वालामुखी धगधगत असताना, जगभरातल्या असंख्य जीवजाती नुकत्याच नाहीशा झालेल्या असताना, एका तळ्याकाठी बेडूक अंडी घालत होते. मोठे मेले, लहान उरले, हे आपण पुस्तकात वाचतो. वरळीत ते दगडावर दिसतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. वरळीचं कासव मान आत ओढणाऱ्या कासवांतलं नव्हतं. ते मान आडवी दुमडून कवचाच्या कडेखाली लपवणाऱ्या कुळातलं होतं. आज भारतात त्या कुळाचं एकही कासव नाही. त्याचे जिवंत नातलग आफ्रिका, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. समुद्रापार विखुरलेली ही नाती जुळतात ती या सगळ्या भूमी कधीकाळी एकत्र होत्या म्हणून. भारत तुटून उत्तरेकडे सरकत असताना स्वतःबरोबर काय घेऊन निघाला होता, हे या कासवाने सांगितलं.

देव्हाऱ्यातला शाळिग्राम जीवाश्म असतो का?

ज्यात चक्र दिसतं तो, हो. कोकणातल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या पूजेत असलेली ही वस्तू बहुधा घरातली सर्वांत जुनी असते. नेपाळात गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या या काळ्या गोट्यांत अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचं कवच किंवा त्याचा ठसा असतो. माखला-कालवांचा हा लांबचा भाऊबंद, पण राहायचा गुंडाळीसारख्या शंखात.

शाळिग्राम पुसताना उजेडात धरून पाहा. कडेकडून मध्याकडे जाणारे उंचवटे नेमक्या अंतराने येतात आणि मध्याशी बारीक होत जातात. प्राणी वाढत गेला तशी गुंडाळी रुंदावत गेली, म्हणून मधला भाग त्याच्या बालपणाचा आणि बाहेरचा म्हातारपणाचा. अमोनाइट डायनासोरांच्याच सुमारास संपले. त्यांचे अवशेष हिमालयात मिळतात, कारण हिमालय उचलला जाण्यापूर्वी तिथे समुद्र होता.

पूजा आणि शास्त्र यांत इथे काही विरोध नाही. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोल दगडांना कुलदैवत मानून पूजत होते, ती डायनासोरची अंडी निघाली. 2023 च्या अखेरीस ही बातमी सगळीकडे आली. पूजेत होती म्हणून ती जपली गेली, हेही तितकंच खरं.

डायनासोरांसारखे नामशेष प्राणी जगात पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आले?

हाडं लोकांना नेहमीच सापडत आली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट प्लॉट यांनी 1677 मध्ये एका मांडीच्या हाडाच्या टोकाचं चित्र छापलं आणि ते राक्षसी माणसाचं असावं असं मानलं. प्रश्न बदलला तो फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिए यांच्यामुळे. 1796 मध्ये त्यांनी हत्तींच्या जबड्यांची आणि दातांची तुलना करून दाखवलं की काही प्राणी आज पृथ्वीवर कुठेच नाहीत, ते कायमचे संपले. जीवजात नामशेष होऊ शकते हा विचार तेव्हा पचायला जड होता.

मग आली मेरी अ‍ॅनिंग. तिची गोष्ट किनाऱ्यावर राहणाऱ्यांना लगेच कळेल. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचं गाव आहे. सुताराची ही मुलगी वादळानंतर कोसळलेल्या कड्यांखाली फिरून जीवाश्म गोळा करायची आणि विकून घर चालवायची. 1811-12 मध्ये तिने आणि तिच्या भावाने इक्थिओसॉर या समुद्री सरीसृपाचा सांगाडा शोधला. तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची होती. 1823 मध्ये तिला लांब मानेचा प्लेसिओसॉर मिळाला. क्युव्हिए यांना आधी तो बनावट वाटला, नंतर त्यांनी मान्य केला. तिने शोधलेल्या सांगाड्यांवर शास्त्रज्ञ निबंध लिहीत, त्यांत तिचं नाव बहुतेक वेळा नसे. लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने स्त्रियांना सदस्यत्व दिलं ते 1919 मध्ये. मेरी 1847 मध्येच गेली होती. हा अन्याय होता आणि तो तसाच सांगितला पाहिजे.

सुरुवातीचे अंदाज चुकले नाहीत का?

चुकले, आणि का चुकले ते समजून घेण्यासारखं आहे. गिडिअन मँटेल यांनी 1825 मध्ये इग्वानोडॉन या डायनासोरचं वर्णन केलं. हाती होते दात आणि सुटी हाडं. त्यांत एक टोकदार हाड होतं, ते गेंड्याच्या शिंगासारखं नाकावर बसवलं गेलं. 1878 मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार इथल्या कोळसा खाणीत, तीनशे मीटरहून खोल, मजुरांना याच प्राण्यांचे सांगाडे लागले, हाडं जागच्या जागी. तेव्हा कळलं की ते टोकदार हाड हाताच्या अंगठ्याचं आहे. मँटेल हुशार होते, पण त्यांच्याकडे हाड होतं आणि त्या हाडाची जागा नव्हती.

भारतात पहिले डायनासोर कुठे मिळाले?

जबलपूरला, 1828 मध्ये. कॅप्टन स्लीमन (ठगांच्या बंदोबस्तामुळे ओळखले जाणारे तेच) यांना छावणीजवळच्या बडा सिमला टेकडीवर मोठी हाडं दिसली. डायनासोर हा शब्दही तेव्हा नव्हता. ती हाडं कोलकात्याला पोचली. 1877 मध्ये लायडेकर यांनी त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिलं. पुढे ती हाडं संग्रहातून दिसेनाशी झाली, त्यांतलं काही थेट 2012 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहात पुन्हा ओळखलं गेलं. वस्तूवर नीट चिठ्ठी नसेल तर काय होतं, त्याचा हा नमुना.

शिवालिकच्या टेकड्यांत 1830 च्या दशकात फाल्कनर आणि कॉटली यांनी प्राचीन सस्तन प्राण्यांचा मोठा खजिना शोधला. शिंगांचा, अंगाने भारी असा जिराफकुळातला ‘शिवाथेरियम’ त्यातलाच. कॉटली कालव्यांचे इंजिनिअर. तुम्ही पाहाल तर सुरुवातीच्या शोधांत डॉक्टर, सैनिक, इंजिनिअर यांची नावं आहेत आणि कुदळ मारणाऱ्यांची जवळजवळ नाहीत.

महाराष्ट्रात?

चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथली हाडं गोळा केली. जवळच डोंगरगावला मिळालेल्या सांगाड्यावरून लांब मानेच्या ‘इसिसॉरस’ची ओळख पटली.

पण पिसदुऱ्याचं खरं वैभव हाडांत नाही, शेणात आहे. प्राण्यांची दगड झालेली विष्ठा तिथे भरपूर मिळते. अशी विष्ठा ओळखण्याची सुरुवातही मेरी अ‍ॅनिंगपासून होते: इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी मिळणारे गोटे फोडले की आत माशांची हाडं आणि खवले दिसतात, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पिसदुऱ्याच्या विष्ठेत 2005 मध्ये वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना गवताचे सूक्ष्म वाळूकण मिळाले. गवताच्या पानात हे सिलिकाचे कण असतात. भात कापताना पात हाताला कापते ती त्यांच्यामुळेच. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं ही समजूत तिथेच मोडली. 2011 मध्ये त्याच गटाने आणखी पुढचं मांडलं: गवतांच्या ज्या शाखेत भात येतो, त्या शाखेच्या खुणाही त्यांत आहेत. भाताच्या प्राचीन नातलगांची पानं डायनासोर चरत होते, हे भातावर जगणाऱ्या कोकणी माणसाने लक्षात ठेवायला हवं.

त्याहून खूप अलीकडचं म्हणजे गोदावरीच्या गाळातला प्राचीन हत्ती. नांदूर मधमेश्वरजवळ मिळालेल्या कवटीची नोंद पिलग्रिम यांनी 1905 मध्ये केली.

खाणीत गोल गोटे निघाले. अंडी आहेत का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. आतापर्यंत पाहिलेल्या फोटोंत तरी ते काळवत्रीचे गोटे होते. लाव्ह्याला थंड होताना भेगा पडतात, चौकोनी तुकडे होतात. पाणी कोपऱ्यांवर तीन बाजूंनी काम करतं, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि आत गोल गाभा उरतो. त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. अंड्याचं कवच असं सुटत नाही. ते एकच, काही मिलिमीटरचं असतं, त्यावर बारीक पुळ्या असतात आणि भिंगाखाली छिद्रं दिसतात.

दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर तीही बहुधा वनस्पती नसते. भेगेत झिरपलेल्या मँगनीजने ती काढलेली असते.

विहीर खोदताना जांभ्याखाली काळी चिकणमाती आणि लाकूड लागलं, ते काय?

ते सोडू नका! रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याखाली काही ठिकाणी निळसर-काळ्या मातीचे आणि लिग्नाइटचे (कच्च्या, तपकिरी कोळशाचे) थर आहेत. त्यांत खोडं, पानांचे ठसे, परागकण मिळतात. डायनासोर संपून कोट्यवधी वर्षं उलटल्यानंतर या किनाऱ्यावर कोणतं जंगल होतं, ते या थरांतून कळतं. अडचण एवढीच की हा थर विहिरीतच दिसतो आणि पाणी लागलं की कायमचा झाकला जातो. हाताशी वेळ दोन-चार दिवसांचा असतो. जमिनीपासून किती खोलीवर लागला ते मोजा, फोटो काढा आणि ओल्या मातीचा एक ढेकूळ प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. वाळला की तो भुगा होतो.

आणि पुळणीवर?

शंख-शिंपले घट्ट चिकटून झालेला दगड भरतीरेषेजवळ अनेक ठिकाणी दिसतो. तो समुद्राच्या पाण्यातल्या चुन्याने जोडलेला असतो आणि भूशास्त्राच्या हिशोबात अगदी तरुण, काही हजार वर्षांचा. तरी तो कामाचा आहे, कारण पूर्वी समुद्राची पातळी कुठे होती ते त्यावरून ताडता येतं. अशीच एक खूण मुंबईत 1878 च्या सुमारास प्रिन्सेस डॉक खणताना मिळाली: भरतीच्या पाण्याखाली, चिखलात रुतलेली खैराची झाडं, कित्येक अजून उभीच. खैर खाऱ्या चिखलात वाढत नाही, म्हणजे ती जागा एकेकाळी कोरडी जमीन होती.

पुळणीवर मोठं हाड मिळालं तर ते बहुधा देवमाशाचं, आणि अलीकडचं. देवमासा कायद्याने संरक्षित आहे. हाड घरी नेऊ नका, वनखात्याला कळवा.

कातळशिल्पांतले प्राणी म्हणजे डायनासोर का?

नाहीत. माणूस आणि डायनासोर यांच्यामध्ये सहा कोटी वर्षांहून जास्त अंतर आहे. कातळशिल्पं माणसांनी जांभ्याच्या सड्यावर कोरली, हजारो वर्षांपूर्वी. पण त्यांत गेंड्याची आकृती आहे आणि आज कोकणात गेंडा नाही. कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या पोटात तर इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. जिथे मातीने हाडं खाऊन टाकली, तिथे माणसाने कोरलेली ही नोंदच हाताशी उरते. सड्यावर गाडी घालू नका, चिरे काढण्याआधी कातळ झाडून पाहा.

एखादी गोष्ट खरंच जीवाश्म वाटली तर काय करायचं?

उचलू नका. आधी आहे त्या जागी फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. मग दूरून, आजूबाजूचा थर दिसेल असा दुसरा. मोबाईलवर ठिकाणाची नोंद घ्या. जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला, पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेला किंवा डेक्कन कॉलेजला, नाहीतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. धुऊ नका, तेल लावू नका, फोडून आत काय आहे ते पाहू नका.

एवढं का, तर गुजरातच्या ढोली डुंगरीचं उदाहरण घ्या. 1980 च्या दशकात धनंजय मोहबे यांनी तिथे डायनासोरच्या घरट्याचा दगड शोधला: अंडी, शेजारी पिल्लाची हाडं. दगड अखंड ठेवला होता. 2001 मध्ये जेफ्री विल्सन यांनी तो पुन्हा पाहिला तेव्हा त्यांना दिसलं की त्यांतले मणके सापाचे आहेत. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप, ‘सनाजे इंडिकस’, 2010 मध्ये जगापुढे आला. कुणी अंडी सुटी करून कपाटात मांडली असती तर साप दिसलाच नसता.

वय कसं काढतात? कार्बनने?

नाही. कार्बनची पद्धत सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे चालत नाही. काळवत्रीतल्या पोटॅशियमचं ठरावीक वेगाने आर्गॉन वायूत रूपांतर होतं, त्यावरून लाव्ह्याचं वय निघतं. वरळीचे बेडूक लाव्ह्यांच्या मध्ये आहेत, म्हणून त्यांचं वयही त्या दोन कडांत सापडतं. थराची नोंद नसलेल्या दगडाला ही सोय नाही.

मुलांना प्रत्यक्ष कुठे दाखवता येतील?

राज्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचाजवळ वडधमचं जीवाश्म उद्यान आहे, तिथे दगड झालेली झाडांची खोडं पाहता येतात. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला डायनासोर संग्रहालय आहे. ‘राजासॉरस’ त्याच परिसरातला. कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत ‘बारापासॉरस’चा उभा सांगाडा आहे. गोदावरी खोऱ्यात रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास मिळालेल्या या डायनासोरच्या पूर्ण नावात, ‘बारापासॉरस टागोरेई’त, टागोर आहेत. एवढं लांब जाणं जमणार नसेल तर अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहा. जीवाश्म नाहीत, पण लाव्हा थंड होताना झालेले उभे खांब तिथे डोळ्यांपुढे आहेत. आणि पावसाळ्यात आंबोली परिसरात ओल्या मातीत देवगांडूळ दिसलं तर मुलांना थांबवून दाखवा: पाय नसलेला हा उभयचर बेडकांचा नातलग आहे, त्याचं घराणं भारत आफ्रिकेला जोडलेला होता तेव्हापासूनचं आहे. त्याला मारू नका, मीठ टाकू नका.